शेततळ्यातले मासे चार तासांत संपले. फवाऱ्यानं की आणखी कशानं?

दुधनाकाठी · रविवार, सकाळी ७.१०

राम राम मंडळी. एरवी मी इथं वाचून गप जाणारा माणूस. मोसंबीच्या धाग्यावर कधीमधी दोन ओळी टाकतो, तेवढंच. रात्रभर डोळ्याला डोळा नाही म्हणून आज लिहायलोय.

गाव परतूर तालुक्यात, दुधनेपासून दीड-दोन किलोमीटरवर. तीस बाय तीसचं शेततळं आहे, तीन मीटर खोल, प्लास्टिकचं अस्तर टाकलेलं. केलं मोसंबीसाठी, पण पाणी आहेच तर मासे टाकू म्हणून मागच्या जुलैत दीड हजार बोटुकली सोडली. रोहू, कटला, मृगळ. उन्हाळ्यात तळ दिसायची वेळ आली तरी बागेचा हात आखडून मासे जगवले. कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड घालत होतो. कटला सव्वा किलोच्या पुढं गेला होता. दसऱ्याच्या आधी जाळं टाकायचं ठरलेलं, व्यापारी येऊन बघून गेलेला.

काल मी जालन्याला मोंढ्यात होतो. साडेतीनला घरी आलो, अजून चप्पल काढली नव्हती तर धाकटा पळत आला, "पप्पा, मासे येड्यावानी करायलेत." जाऊन बघतो तर पाण्याला उकळी फुटल्यासारखं दिसतंय. मासे गोल गोल फिरायलेत, एका अंगावर कलंडायलेत, मधेच शॉक बसल्यासारखी उसळी घेऊन परत बुडायलेत. साडेसातला सगळं तळं पांढरं. पोटं वर.

तळ्याला लागून चुलतभावाचा कापूस आहे. त्यानं कालच सकाळी फवारा मारला. वारं आमच्या अंगाला होतं. रात्री बांधावर शब्दानं शब्द वाढला. माझ्या तोंडून नको ते गेलं, त्याच्या तोंडूनही. आता त्याच्यावर केस करावी का? आणि हे मासे विकता येतील का, निदान घरी खाता तरी? बागेला हे पाणी चालेल का? कुणाला माहिती असेल तर सांगा.

वामकुक्षी · ७.३२

वाचून पोटात गोळा आला. मासे आधी बाजूला काढा. खाऊ नका, विकू नका, कुत्र्यालाही घालू नका. विहिरीपासून लांब खड्डा घेऊन चुना टाकून पुरा. बाकीचं नंतर.

आता मला एक सांगा, आधी कोण मेलं? मोठे का बारके? आणि काल सकाळी खाद्याला वर आले होते का?

पुणेकर_मूळ_लातूर · ७.५०

ऑक्सिजन. शंभर टक्के ऑक्सिजन. आमच्या सोसायटीच्या हौदातले मासे असेच गेले होते. उगाच भावाशी भांडू नका.

दुधनाकाठी · ८.१५

वामकुक्षी, सात वाजता रोजच्यासारखे वर आले, कोंडा खाल्ला. दिवसभर ऊन कडक, ढग नाही. लहानमोठे सगळे एकदमच तडफडायला लागले. पण एक सांगायचं राहिलं. नदीच्या पाण्याबरोबर कधीतरी झिंगे आले होते तळ्यात, ते माशांच्या आधी गेले असावेत, कारण मी पोचलो तेव्हा काठाला झिंग्यांचा पट्टाच लागला होता. आणि पाण्यावर पळणाऱ्या निवळ्या असतात ना, त्यातली एक दिसंना.

पुणेकर, हौद आणि शेततळं यात फरक आहे हो.

डोहकाठची · ९.४०

मी प्राणीशास्त्र शिकवायची, आता निवृत्त, मुक्काम परभणी. आमच्याकडच्या कॉलेजांत 'अमुक कीटकनाशकाचा तमुक माशावर परिणाम' हा पीएचडीचा इतका लाडका विषय की आम्हीच चेष्टा करायचो, दुकानात नवा डबा आला की कुणाचा तरी प्रबंध सुरू होतो. काचेच्या टाक्या मांडायच्या, प्रत्येकीत दहा मासे, औषधाची मात्रा चढती ठेवायची, ९६ तास बसून मोजायचं. निम्मे मासे ज्या मात्रेला मरतात तो आकडा लिहायचा. मीही हेच केलं, डोकडी माशावर. पहाटे तीनला उठून मेलेले मासे मोजताना आपण कुणाच्या काय कामाचं करतोय असं वाटायचं. बघा, आज कामाला आलं.

पुणेकरांनी सांगितलं ते चुकीचं नाही, पण या तळ्याला लागू होत नाही. ऑक्सिजन संपतो तो पहाटे, रात्रभर शेवाळ आणि मासे दोघांनी श्वास घेतल्यावर. त्यात मोठे मासे आधी जातात, त्यांना जास्त लागतो. मासे तोंड वर काढून पाण्याच्या पृष्ठभागावर हवा ओढत बसतात, गोल गोल फिरत नाहीत. आणि निवळ्यांना काही होत नाही, त्या हवेतलाच श्वास घेतात. तुमच्याकडे दुपारी, उन्हात, लहानमोठे सगळे एकदम, झटके देत गेले आणि झिंगे, किडे त्यांच्या आधी. ही विषाची खूण आहे, तीही कीटकनाशकाची. झिंगा हा किड्याचाच नातेवाईक. जे बोंडअळीला मारतं ते झिंग्याला सोडत नाही.

कोणतं विष ते माशाच्या वागण्यावरून थोडं कळतं. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस ही एका घराण्यातली. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचला की तो पुसून टाकणारं एक विकर शरीरात असतं, ते ही औषधं बंद पाडतात. निरोप वाजतच राहतो. मासा ताठ होतो, कल्ल्यांजवळचे पर पुढे ताणले जातात, कधी पाठीचा कणाच वाकतो. दुसरं घराणं सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन यांचं. ती मज्जातंतूतली सोडियमची दारं उघडी ठेवतात. त्यात मासा पिसाटतो, झटके देतो, उड्या मारतो, कल्ल्यावर चिकट थर येतो.

एक मासा उचलून कल्ले उघडून बघा. रंग कसा आहे, बुळबुळीत थर आहे का? आणि पाण्याचा नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत भरून बर्फात ठेवा. प्लास्टिकच्या बाटलीत नको, सायपरमेथ्रिनसारखी औषधं प्लास्टिकला चिकटतात आणि पाण्यात कमी दिसतात. दोन मासे ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून फ्रीजच्या बर्फाच्या खणात. घरात बायका ओरडतील, ओरडू द्या.

दुधनाकाठी · १०.२०

मॅडम, कल्ले बघितले. थर आहे, शेंबडासारखा. आणि परही पुढं ताणलेलेच आहेत. म्हणजे दोन्ही खुणा आहेत.

ओरडणं झालं.

गोदामाईचा · १०.५५

मी भोई. गंगाखेडच्या खाली आमचं गाव, गंगेच्या काठाला. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.

आमच्या आज्याच्या टायमाला डोहात वाम मिळायची हातभर लांब, शिंगाडा मासा मिळायचा, मरळ तर पोरं हातानं धरायची. आता जाळ्यात येतो तो बाहेरून आलेला चिलापी, म्हणजे तिलापिया. सगळं औषधानं झालं असं मी म्हणणार नाही. बंधारे झाले, वाळू गेली, शहराची गटारं आली. पण पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याचं गढूळ पाणी डोहात शिरतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी बारकी मच्छी काठाला लागलेली मी स्वतः गोळा केलीय. खत-औषध पडायच्या आधी असं होत नव्हतं, असं बाप म्हणायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसं मुद्दाम टाकतात. उन्हाळ्यात डोह आटला की कुणीतरी रात्रीचा डबा ओततो, सकाळी मासे वेचून बाजारात. घेणाऱ्याला काय कळणार? आम्ही भांडलो, मारही खाल्ला. पाण्यात विष टाकून मासे मारणं हा इंग्रजांच्या काळापासून गुन्हा आहे, १८९७ च्या कायद्यात लिहिलंय. पण डोहावर रात्री कोण बसणार?

दादा, तुमच्यावर कुणाचा डूख नाही ना? तळ्याभोवती रिकामा डबा, पाऊच असलं काही पडलंय का बघा.

पांढरं_सोनं · ११.१०

सगळं खरं, पण फवारणाऱ्याला खलनायक करू नका. बीटी कपाशी आली २००२ ला, तेव्हा सांगितलं फवारे मिटले. १७ साली गुलाबी बोंडअळीनं आमची बोंडं आतून पोखरून ठेवली, हातात सरकी आली ती किडकी. मावा आहे, तुडतुडे आहेत, फुलकिडे आहेत. औषध नाही मारलं तर क्विंटलाचा हिशोब पायल्यांवर येतो. मासे मेले त्याचं वाईट वाटतं, पण कापूस मेला तर धागा कुणी काढत नाही.

वामकुक्षी · ११.१८

त्याच १७ साली यवतमाळला फवारताना माणसं मेली, ती पण कापूसवालीच होती. कुणी खलनायक नाही म्हणतंय. कशानं मेले एवढंच शोधायचं चाललंय.

मोंढ्यातला · दुपारी १२.०५

माझं कृषी सेवा केंद्र आहे. गाव सांगत नाही, नाहीतर उद्या दुकानात याल. आमच्यावर घसरायच्या आत सांगतो. डब्याबरोबर घडी घातलेलं माहितीपत्रक येतं, तळं-विहीर-ओढ्यापासून औषध लांब ठेवा असं त्यात असतं. पण अक्षर मुंगीएवढं. गिऱ्हाईक ते उघडत नाही, आम्हीही उघडून दाखवत नाही. हे कबूल.

गिऱ्हाईक बघतो फक्त त्रिकोणाचा रंग. लाल म्हणजे जहर, पिवळा त्याखालोखाल, निळा बरा, हिरवा म्हणजे पाणी. मीही तसंच सांगतो. लाल नको असेल तर निळा घेऊन जा, असं.

डोहकाठची · दुपारी १२.५०

मोंढ्यातले भाऊ, प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून आनंद झाला, पण गोम इथेच आहे. तो त्रिकोण माशासाठी नाहीच.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांत रंग ठरले ते उंदरावरून. तोंडावाटे दिल्यावर निम्मे उंदीर किती मात्रेला मरतात, तो आकडा. किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमच्या आत मेले तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्याच्या वर हिरवा. उंदीर आपल्यासारखा सस्तन, म्हणून माणसाचा अंदाज येतो. फवारणाऱ्याच्या जिवासाठी तो रंग महत्त्वाचाच आहे, त्याकडे दुर्लक्ष करू नका. पण माशाचं त्यात काहीही नाही.

आता हे बघा. मोनोक्रोटोफॉस उंदराला किलोमागे साधारण २० मिलिग्रॅमला मारतं. लाल त्रिकोण. सायपरमेथ्रिनला अडीचशेच्या आसपास लागतात, म्हणजे दहापटीहून सौम्य. टाकीतल्या माशाला विचारा. मोनोक्रोटोफॉसनं मासा मारायला लिटरला कित्येक मिलिग्रॅम लागतात. सायपरमेथ्रिनला लागतात एक-दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. क्रम पार उलटा. उंदराचं आणि आपलं यकृत सायपरमेथ्रिन भराभर तोडून बाहेर टाकतं, माशाच्या यकृताला ते नीट जमत नाही. त्यात औषध चरबीत विरघळणारं, आणि कल्ला म्हणजे चोवीस तास पाण्यात उघडं फुफ्फुस. सगळं आत.

हिरव्या त्रिकोणाचंही ऐका. क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल घ्या, अळीचं आजचं गाजलेलं औषध. माशाला खरंच फारसं करत नाही. पण डॅफ्निया म्हणतात त्या पाण्यातल्या पिसवांना अगदी थोड्या मात्रेला मारतं. मासा मरत नाही, माशाच्या पिल्लाचं ताट रिकामं होतं. असा मासा कुणाच्या प्रबंधात येत नाही, कारण तो टाकीत मेलेला नसतो.

मोंढ्यातला · १.०५

मॅडम, वीस वर्षं दुकान चालवतो. हे मला कुठल्या कंपनीच्या मीटिंगमध्ये कुणी सांगितलं नाही. जेवण मात्र चांगलं असायचं.

दुधनाकाठी · १.४०

गोदामाईचे दादा, डबा सापडला. तळ्यापाशी नाही, चुलतभावाच्या धुऱ्यावर, त्यानं काल मारलेल्या औषधाचा. फोटो टाकता येईना, लिहितो. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के. शंभर मिलिची बाटली, दोन एकराला मारली असणार. पुरावा मिळाला. आता पोलीस पाटलाकडं जाऊ का थेट ठाण्यात?

हिशोबी · २.१५

जरा थांबा, ठाण्यात जाऊ नका.

पेशानं पाटबंधाऱ्याचा माणूस, सवयीनं गणित करतो. तळ्यात सध्या पाणी किती आहे?

दुधनाकाठी · २.२२

सव्वासात फूट.

हिशोबी · २.५०

तीस बाय तीस, दीडास एक उतार, तळ एकवीस बाय एकवीस. काठोकाठ भरलं तर १९ लाख ७० हजार लिटर. सव्वासात फुटाला धरा १३ लाख लिटर.

इमिडाक्लोप्रिडनं मासा मारायचा तर पुस्तकातले आकडे लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून वर आहेत. तेरा लाख लिटरला शंभर मिलिग्रॅम म्हणजे १३० किलो शुद्ध औषध. तुमच्या १७.८ टक्क्यांच्या बाटलीच्या भाषेत सातशे किलोच्या वर. तुमच्या भावानं वापरलं शंभर मिली. सगळी बाटली त्यानं उभ्यानं तळ्यात ओतली असती तरी माशाला काही झालं नसतं. मॅडम, चुकतोय का?

डोहकाठची · ३.१०

नाही. झिंग्यांना आणि किड्यांना इमिडाक्लोप्रिड बाधतं, तेही बऱ्यापैकी. पण सव्वा किलोचा कटला चार तासांत? शक्य नाही. आणि कल्ल्यावरचा थर, ताणलेले पर, ही इमिडाक्लोप्रिडची लक्षणंच नव्हेत. माझ्या मते दोन औषधं एकत्र आहेत, आधी सांगितलेल्या दोन घराण्यांतलं एकेक. बाजारात असा जोडडबा सर्रास मिळतो.

मोंढ्यातला · ३.१४

प्रोफेनोफॉस ४० अधिक सायपरमेथ्रिन ४. बोंडअळीला सगळ्यात जास्त खपतो.

वामकुक्षी · ३.२०

दुधनाकाठी, तुमचा स्वतःचा कापूस आहे का? काल तुम्ही जालन्याला होता. घरी कुणी फवारलं? आणि ड्रम कुठल्या पाण्यानं भरला?

पुणेकर_मूळ_लातूर · सायंकाळी ५.४५

धागाकर्ते गायब?

बाप्पा_बीडकर · रात्री ८.३०

गायब नाही, कामाला लागले असतील. तोवर माझी एक ऐका. आमच्या गावतलावात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुतात. दोन वर्षांमागं एकानं बैलाला गोचीडाचं औषध लावलं आणि तासाभरात तेच बैल पाण्यात घातले. एक नाही, चार घरचे आठ बैल. गोचीडाचं औषध म्हणजे बऱ्याचदा डेल्टामेथ्रिनच, पण ते आम्हाला मागाहून कळलं. काठावरचे बारके मासे संध्याकाळपर्यंत तरंगले. गावात चर्चा काय, तर नजर लागली. बाप्पा, नजर कसली, बाटली लागली!

दुधनाकाठी · सोमवार, पहाटे ५.५०

वामकुक्षी, तुमचा प्रश्न वाचला आणि मोबाईल बाजूला ठेवला. उत्तर माहीत नव्हतं, पण भीती वाटली.

रात्री गड्याला विचारलं. आमचा दोन एकर कापूस तळ्याच्या खालच्या अंगाला आहे. मी जालन्याला गेल्यावर त्यानं आणि पुतण्यानं फवारा काढला. औषध तेच, मोंढ्यातल्या भाऊंनी सांगितलं ते चव्वेचाळीस टक्क्यांचं. मीच आणून ठेवलं होतं. दोनशे लिटरचा ड्रम तळ्याच्या बांधावर ठेवायचा, तळ्यावरच्या मोटरीची नळी ड्रमात सोडायची, पाणी चालू, वरून औषध, काडीनं ढवळायचं. आमची कायमची पद्धत. नळीचं तोंड ड्रमात खोल बुडवायचं, नाहीतर फेस येतो.

बाराच्या सुमारास लाईट गेली. ड्रम भरत आला होता, औषध पडलेलं होतं. दोघं भाकर खायला लिंबाखाली बसले. लाईट आली, येऊन बघतात तर ड्रम निम्मा. पुतण्या म्हणाला, ड्रम गळका दिसतोय. परत भरला, परत औषध घातलं, फवारून मोकळे झाले.

ड्रम गळका नाही. मी काल रात्री साधं पाणी भरून टॉर्च लावून बसलो, थेंब नाही. मग मोटर चालू केली आणि बंद केली. नळीतून पाणी उलटं तळ्यात. पाणी उलटं येऊ नये म्हणून तळाला फूटवॉल्व्ह असतो, आमच्याकडं त्याला फुटबॉलच म्हणतात, त्याचं रबर कधीचं गेलंय. मोटर उचलायला वेळ लागतो म्हणून मीच सहा महिने टाळत होतो.

हिशोबी · ७.०५

ड्रम वर, तळं खाली, नळीचं तोंड बुडालेलं, वॉल्व्ह गेलेला. मोटर थांबली की ड्रम सायफननं रिकामा होणारच.

लिटरला दोन मिलिनं शंभर लिटर द्रावणात २०० मिली औषध. त्यात ८० ग्रॅम प्रोफेनोफॉस, ८ ग्रॅम सायपरमेथ्रिन. आठ ग्रॅम भागिले तेरा लाख लिटर म्हणजे लिटरला सहा मायक्रोग्रॅम. मॅडमनी माशाचं सांगितलं होतं एक-दोन. आठ ग्रॅम म्हणजे दोन चमचे साखर हो.

डोहकाठची · ८.३०

दादा, लिहिलंत ते सोपं नव्हतं.

हिशोबींच्या आकड्यात एक दुरुस्ती. माझ्या काचेच्या टाकीतलं पाणी आणि तळ्यातलं पाणी एक नसतं. मातीच्या तळ्यात सायपरमेथ्रिनचा मोठा वाटा गाळाला, शेवाळाला चिकटतो आणि माशापर्यंत पोचत नाही. म्हणून गावतलावात एवढ्याच मात्रेला कदाचित काठाचेच मासे गेले असते, बाप्पांनी सांगितलं तसं. पण तुमचं तळं अस्तराचं. गाळ जवळपास नाहीच. आमच्या टाकीच्या सगळ्यात जवळचं असं शेतातलं पाणी कुठलं, तर अस्तराचं शेततळं. शिवाय दोन औषधं एकमेकांना हात देतात. सायपरमेथ्रिन तोडण्याचं जे थोडंफार काम माशाचं यकृत करू शकतं, तेही प्रोफेनोफॉस बंद पाडतं. बोंडअळीवर हा जोडडबा चालतो तोही याच कारणानं.

आता पुढचं. बागेला पाणी चालेल, झाडाला काही होत नाही. जनावरं थोडे दिवस दुसरीकडे पाजा. नवं बीज लगेच सोडू नका. आपलं काळ्या रानातलं पाणी खारवट, अल्कधर्मी, त्यात प्रोफेनोफॉससारखी औषधं लवकर तुटतात, उन्हानंही तुटतात. पण किती दिवस ते वहीवरून सांगता येत नाही, माशालाच विचारावं लागतं. मच्छरदाणीचा पिंजरा करा, मत्स्यबीजवाले त्याला हापा म्हणतात. त्यात दहा बोटुकली घालून तळ्यात टांगा, चार दिवस बघा. आमचे ९६ तास म्हणजे हेच. उदगीरला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथल्या लोकांशीही बोलून घ्या.

पुणेकर_मूळ_लातूर · ९.१०

म्हणूनच म्हणतो, रासायनिक सोडा. निंबोळी अर्क, दशपर्णी. नैसर्गिक गोष्टीनं कुणाचं वाईट होत नाही.

गोदामाईचा · ९.३५

पुणेकर साहेब, तलावातले नको असलेले मासे मारायला मोहाची पेंड टाकतात, हेक्टरी दोन-अडीच टन. एक मासा वाचत नाही. मोह नैसर्गिकच आहे.

डोहकाठची · ९.५०

आणि सायपरमेथ्रिनचा आजा शेवंतीच्या जातीचं एक फूल आहे. त्या फुलाची पूड पूर्वी ढेकणांवर टाकायचे. निंबोळी माझ्याही बागेत असते, पण तीही तळ्यात धुवायची नाही.

पांढरं_सोनं · १०.२०

मी काल तावातावानं लिहिलं. आज सकाळी आमच्याकडं बघितलं तर नळी ड्रमात बुडालेलीच होती. फक्त आमच्याकडं तळं नाही, विहीर आहे. प्यायची.

मोंढ्यातला · १०.२४

पांढरं सोनं, ती विहीर आधी उपसून घ्या. आणि नळीचं तोंड ड्रमाच्या काठाच्या वर वीतभर बांधून टाका तारेनं. फेस येऊ द्या. औषध शेवटी, मोटर बंद केल्यावर. मी आजपासून काउंटरवर हेच सांगायला लागलो. तिघांनी ऐकलं, चौथा म्हणाला, "तुमी औषध विका, शाळा नका घेऊ."

वामकुक्षी · १०.४०

दुधनाकाठी, भावाशी बोलणं झालं का?

दुधनाकाठी · रविवार, सायंकाळी ६.१५

आठ दिवसांनी येतोय.

भाऊ बोलेना. मी गेलो दोनदा, वहिनीनं चहा दिला, तो गोठ्यातून बाहेर आला नाही. बरोबरच आहे, मी बांधावर जे बोललो ते चार माणसांनी ऐकलंय. माझ्या चुकीचं मात्र मी त्याला एकट्यालाच, गोठ्याच्या दारातून सांगून आलो होतो. म्हणून बुधवारी पारावर, त्या चौघांपुढं सांगितलं, मासे माझ्याच ड्रमानं मेले. त्यातला एक हसला. हसू दे.

गुरुवारी मोटर उचलली. फूटवॉल्व्ह नवा टाकला, दीड तासाचं काम. नळीला तार बांधली. ड्रम आता तळ्यापासून लांब, बोअरवर.

त्याच संध्याकाळी हापा टांगायला गेलो तर मच्छरदाणी एकट्यानं ताणता येईना. भाऊ कापसातून बघत होता. आला, एक कोपरा धरला, गाठ मारली आणि काही न बोलता गेला. दहा बोटुकली सोडली.

आज चौथ्या दिवशी मोजली. नऊ जिवंत, कोंड्याला वर येतात.

डोहकाठची · ६.४०

छान. दहावं कसं गेलं? कल्ला बघितला का?

दुधनाकाठी · ६.५२

मॅडम, दहावं मेलेलं सापडलंच नाही. मच्छरदाणीला बोटभर भोक आहे, भावानं गाठ मारली त्याच कोपऱ्यात. त्याला जाऊन सांगावं का?

वामकुक्षी · ६.५४

सांगा की. तेवढाच बोलायला विषय.